चौघांच्या ताटात

रायचूर
दिवाळीच्या तोंडावर, १९८३

अक्का,

तुझं कार्ड फिरत फिरत हाती आलं. आमची बोअरची गाडी एका गावात टिकत नाही. आम्ही पाण्याच्या मागं अन् पोस्टमन आमच्या मागं. शिक्के इतके पडलेत की त्यातून तुझं अक्षर वेचून काढलं. आबाच्या छातीत कळ आली, अटॅक होता, धाराशिवच्या दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आणलंय. रक्तात साखर निघाली, चरबीही निघाली. डॉक्टरनं गोड अन् तूप बंद केलंय आणि आबा ऐकत नाहीत. एवढं कळलं. शेवटची ओळ शिक्क्याखाली गेली. त्यात माझ्याबद्दल काही होतं का? नसलं तरी चालेल.

कळ आली तेव्हा आबा कुठं होते, ते लिही. मळ्यात एकटेच होते का? मला उगाच ते मोटेच्या जुन्या धावेवर बसलेले दिसतात, छाती धरून, अन् कुणाला हाक मारू नये म्हणून दात दाबून.

मी लिहिलंय हे त्यांना सांगू नको. त्यांनी दूध संघात लावून दिलेली नोकरी मी सोडली तेव्हा चावडीपुढं म्हणाले होते, "ह्याच्या पायाला भिंगरी हाय. जाऊ द्या त्याला, बघून येऊ द्या जग." तेव्हापासून मी जग बघतोय. जग म्हणजे माळ, बाभळी अन् भोक पाडायची जागा.

ऐकत नाहीत म्हणतेस, तर मला नवल वाटत नाही. तुला बहात्तरचा दुष्काळ माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. पाझर तलावाच्या कामावर आबा खडी फोडायचे, माय पाट्या वाहायची. रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, थापतानाच फुटायची. माय म्हणायची, ही भाकर न्हाय, कौल हाय. एकदा मुकादमानं आबाला हातावर गुळाचा खडा दिला. आबानं तो तोंडात टाकला नाही. पटक्याच्या शेवात बांधून घरी आणला अन् अडकित्त्यानं चार तुकडे केले. मुकादमानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "श्रीपती, खाल्लास का न्हाय?" तर आबा म्हणाले, "चौघांच्या ताटात नसंल, ते आमच्यात एकाच्या ताटात नसतं." मी तेव्हा लहान होतो, पण तो तुकडा माझ्या जिभेवर अजून आहे. तेवढा गोड गूळ पुन्हा कुठं मिळाला नाही. कोल्हापूरलाही नाही.

अन् मग विहिरीला पाणी लागलं, ऊस आला, आबा कारखान्याचे सभासद झाले. पहिल्या दिवाळीला सभासदाची साखर बैलगाडीतून आणली, ती त्यांनी हलगी लावून आणली असती, मायनं नको म्हणलं म्हणून राहिलं. संघाची दुधाची गाडी दारात यायला लागली. तूप घरचं झालं. आबा वाटीच पालथी करायचे भाकरीवर. "मोजू नगा. मोजायचे दिवस गेले."

आता त्याच माणसाला मोजून खा म्हणायचं. तुला गावातच दिलीय, म्हणून ते तुझ्यावरच येणार. कसं सांगशील तू?

बलभीम


अनंतपूर
संक्रांत उलटून गेली, १९८४

अक्का,

तुझं पत्र वाचून मी गाडीवर एकटाच हसत बसलो. आमचा मुकादम शरणप्पा म्हणाला, "येन आयतु? काय झालं? लगीन ठरलं का?"

निळ्या औषधाची बाटली अन् काचेची नळी डॉक्टरनं दिली, त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं, हे समजलं. मायचं बरोबर आहे. "माझ्या चुलीवर असली आमटी शिजायची न्हाय," म्हणजे नाहीच. परड्यात तीन दगड मांडलेस ते बरं केलंस. साखर नसली तर निळं राहतं, थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, अन् लई झाली की विटेसारखं तांबडं. आबा त्याला पिकाची नावं देतात हे तू लिहिलंस, तिथं मला त्यांचा आवाजच ऐकू आला. हिरवं म्हणजे पेरलेलं रान. पिवळं म्हणजे काढणीला आलेली ज्वारी. तांबडं आलं की "घ्या, मिलो आली."

अन् निळ्याला? त्याला काही नाव ठेवलं नाही का अजून? म्हणजे निळं आलंच नाही, असं समजू का?

गोठ्यातलं प्रकरण मी शरणप्पाला वाचून दाखवलं. पेंडीच्या डब्यात गुळाची ढेप, अन् आबा म्हणतात, म्हशीला देत होतो. अन् तू म्हणालीस, "म्हशीला मिशा कवा फुटल्या, आबा? गूळ तर मिशीला लागलाय." शरणप्पा म्हणाला, तुझी अक्का आमच्या गाडीवर पाहिजे होती.

पण डॉक्टरला आबा जे बोलले ते वाचून हसू गेलं. "नव्हतं तवा खाल्लं न्हाय. आता हाय तर खाऊ नगो. मग हे मिळवलं कशाला?" डॉक्टर काय सांगणार याच्यावर? तो एवढंच सांगणार की ज्याच्या काळजाला एकदा धक्का बसलाय, त्याच्या रक्तात साखर अन् चरबी दोन्ही वाढून चालत नाहीत, दुसरा धक्का लांब नसतो. आबाला हे कळत नाही असं नाही. त्यांना ते दिसत नाही. कोरडी भाकरी अन् उकडलेली भाजी समोर आली की त्यांना तलावाचं काम दिसतं. भरल्या घरात पुन्हा दुष्काळ जेवायला बसलो, असं वाटत असेल.

शरणप्पानं एक सांगितलंय. ते तुझं म्हणून सांग, त्याचं नको अन् माझंही नको. "मोटार एकदा जळाली, पुन्हा बांधून बसवली. चालते. पर आता तिला गाळाचं पाणी वडायला लावू नका." आबाला मोटारीचं पटतं. माणसाचं पटत नाही.

इथं पाणी खोल आहे. पाणी लागलं की जमिनीचा मालक धावत घरात जातो अन् ताटलीत साखर घेऊन येतो, पहिली चिमूट गाडीवाल्यांच्या तोंडात. कुठल्याही मुलखात जा, हे सारखंच. आम्ही दगडाच्या धुळीनं पांढरे झालेलो, अन् लोक आमच्या तोंडात साखर घालतात. मला दरवेळी वाटतं, आपल्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी आबानं सगळ्या गावाला साखर वाटली होती, ती अशीच.

बलभीम


कर्नूल
वैशाख सरता सरता, १९८४

अक्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायचं धाडस नाही.

आबा येरमाळ्याला येडाईच्या जत्रेला गेले. मायला वाटलं, स्वतःच्या काळजासाठी नवस बोलायला गेले. अन् परत येऊन ताटावर बसले तेव्हा तू तुपाची वाटी लपवायला लागलीस, तर म्हणाले, "लपवू नगो. म्याच सोडलंय. बलभीम घरी येईस्तोर गोड अन् तूप माझ्या ताटात न्हाय. आईला सांगून आलोय."

डॉक्टरसाठी सोडलं नाही. मायच्या रडण्यासाठी सोडलं नाही. कुणासाठी सोडलं, अक्का, त्या भिंगरीसाठी.

नळी निळी येते लिहिलंस. सोलापूरला रक्त पाठवलं त्यात चरबीही उतरली लिहिलंस. निळ्याला आबानं नाव दिलं, "मोकळं आभाळ". बहात्तरला मोकळ्या आभाळाला माय शिव्या घालायची, आठवतं?

मी शरणप्पाकडून सुट्टी घेतलीय. तो म्हणाला, "जा. पर परत ये, तुझ्यावाणी बोअरचे दांडे बदलणारा मला न्हाय." मायला लुगडं घेतलंय, जांभळ्या रंगाचं नाही, तिला तो आवडत नाही, हिरवं घेतलंय. आबाला काय घ्यावं कळेना, म्हणून घोंगडी घेतली. कुणाला सांगू नको. मी दारात उभा राहीन अन् त्यांचं तोंड बघीन.

बलभीम


सोलापूर, एस.टी. स्टँड
पाच दिवसांनी

अक्का,

शिव्या दे. वाचून झाल्यावर दे.

मी धाराशिवपर्यंत आलो होतो. आधी दवाखान्यात गेलो, म्हणलं, डॉक्टरला विचारून जावं, माहीत असावं. मी श्रीपतीरावांचा मुलगा म्हणल्यावर तो खुर्चीतून उठला. म्हणाला, "तुमच्या वडिलांना काय झालंय हो? म्हणजे चांगलं काय झालंय? माझं एक ऐकत नव्हते, अन् आता साखर ताब्यात, चरबी उतरलेली, चालणं सुरू. जे करतायत ते मोडू देऊ नका. एकदा सुटलं की हा माणूस पुन्हा धरणार नाही, अन् त्यांच्या हृदयाला दुसरा झटका सोसायचा नाही."

मी बरं म्हणलं. त्याला नवसाचं माहीत नाही. नवस फिटल्यावर काय होणार, ते मलाही तोवर माहीत नव्हतं.

मग स्टँडवर आलो तर आपला लिंबाजी कंडक्टर. मला बघून घंटी वाजवायची विसरला. "आलास व्हय रं! चल, बस, तिकीट न्हाय तुला. आज तुमच्याकडं पुरणाचा बेत. आबा काय बोललेत, ठावं हाय का? पोरगं उंबऱ्यात पाय ठेवंल त्या दिवशी वाटी न्हाय, तांब्या पालथा करायचा. सभासदाची साखर आणलीय ती पोतं शिवून ठेवलंय तसंच हाय, तुझ्या हातानं उसवायचं. तुझ्या मायनं लोणी कढवून कढवून तूप साठवलंय. महिनाभर सगळ्या गल्लीला जेवण हाय, असं म्हंत्यात. म्या तर रजा टाकणार हाय."

मी त्याच्या गाडीत चढलो होतो. पायरीवर उभा होतो. त्यानं घंटी मारली अन् मी उतरलो. त्याला वाटलं, पान खायला उतरलो. तो थांबला बिचारा, ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावत राहिला.

अक्का, नीट बघ. मी येत नाही तोवर नळी निळी आहे. मी आलो की पोतं उसवलं. आबाला मी ओळखतो, ते एक दिवस जेवून थांबणार नाहीत. देवीनं दिलं म्हणजे खायलाच पाहिजे म्हणतील. मी त्यांचं औषध आहे ते लांब असलं तरच लागू पडणारं.

लिंबाजीला सांग, मी त्याला दिसलोच नव्हतो. लुगडं अन् घोंगडी इथं ओळखीच्या दुकानात ठेवलीत, कुणी सोलापूरला आलं तर घेऊन जा. तू घेतलंस म्हणून दे.

बलभीम


झाबुआ
दिवाळी, १९८४

अक्का,

इथं लोक वेगळी बोली बोलतात, पण दगड तसाच आहे. काळा, आपल्यासारखा. छिन्नी लागली की आवाजावरून मला कळतं.

तू रागानं लिहिलंस ते मी धरून ठेवलं नाही. "आबा दर गाडीला फाट्यावर जाऊन उभे राहत्यात" हे मात्र लिहायला नको होतंस. चालणं होतं त्यांचं, असं मी मनाला सांगतो. डॉक्टरनं चालायला सांगितलंच होतं.

काल इथं पाणी लागलं. मालकीण साखर घेऊन आली. मी तोंड वळवलं. शरणप्पानं विचारलं, "काय रे, तुला बी रोग लागला का?" मी म्हणलं, दात दुखतोय. खरं म्हणजे मीही सोडलंय. आबा खात नाहीत तर मी कुठल्या तोंडानं खाऊ? चौघांच्या ताटाचं असं अंगात बसलंय.

मला हल्ली तेरणेचं पात्र आठवतं. कोरडं. तू वाळूत झिरा खोदायचीस अन् मी वाटीनं पाणी भरायचो, घागर भरेस्तोवर ऊन डोक्यावरून पाठीवर यायचं. मधेच तू म्हणायचीस, थांब, पाणी जमू दे, वाळू ढवळू नको. मग आपण काठावर बसायचो अन् तू मला माकडाची गोष्ट सांगायचीस, ती दरवेळी वेगळी व्हायची. संध्याकाळी आबा कामावरून यायचे, खांद्यावर घण, अन् लांबूनच ओरडायचे, "किती भरली?" आपण खोटं सांगायचो, भरली, भरली. ते उरलेली स्वतः भरायचे. लोक म्हणतात तो काळ वाईट होता. असेल. पण आपण चौघं एका कंदिलाभोवती जेवायचो.

नळीचा रंग लिहीत जा. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बलभीम


झाबुआ
माघ, १९८५

अक्का,

तुझं पत्र शरणप्पानं वाचलं. मला वाचता येईना. येत नव्हतं असं नाही, अक्षरं एका जागी राहत नव्हती.

म्हणजे आबानं नवस वाढवला. गोड सोडलं, तूप सोडलं, तरी पोरगं येईना, म्हणजे आईला कमी पडलं. म्हणून एकभुक्त धरलं, सांजचं जेवणच सोडलं. कुणाला सांगितलं नाही, दुपारीच लई झालं, भूक न्हाय म्हणत राहिले. अन् साखर उतरवायची गोळी मात्र दोन्ही वेळा इमानदारीनं घेत राहिले, कारण ती डॉक्टरची, तिचा नवसाशी काय संबंध.

नळी निळीच होती ना, अक्का? तू दर पत्रात निळी लिहीत होतीस अन् मी इकडं खूश होत होतो. डॉक्टरनं तुला सांगितलं ते आता कळलं. निळं म्हणजे जास्त नाही एवढंच. किती खाली गेली, ते नळी सांगत नाही. आम्ही तरी काय वेगळं करतो? वरून ओली माती बघतो, खाली किती कोरडं आहे ते दांडा गेल्यावर कळतं.

परड्यात पडले. अंग घामानं भिजलेलं, हात लटलटतायत, मायला ओळखेनात. तू धावत डॉक्टरचा कागद काढलास, असं झालं तर आधी तोंडात साखर. अन् घरात साखर म्हणून फक्त ते सभासदाचं शिवलेलं पोतं. तू ते विळ्यानं फाडलंस. मूठ भरून तोंडाशी नेलीस, अन् आबानं दात आवळले. भान नव्हतं तरी दात आवळले. "न्हाय. बलभीम आला न्हाय."

पुढचं शरणप्पानं मोठ्यानं वाचलं.

तू त्यांच्या कानाशी म्हणालीस, "आबा, आला. बलभीम आला. दारात हाय. तोंड उघडा."

अन् त्यांनी उघडलं.

डॉक्टरनं तुला चांगलंच झापलं असेल. साखर चढली तर सावकाश खाते, उतरली तर उभ्या उभ्या नेते, अन् अशा काळजाच्या माणसाला तर दोन्हीही नको. माझ्या वाटचंही तूच ऐकून घेतलंस. मी आभाळ निळं आहे म्हणून लांबून समाधान मानत बसलो होतो.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "कुठाय?" अन् तू म्हणालीस, "हातपाय धुवायला गेलाय." तेव्हापासून ते उंबऱ्याकडं बघतायत अन् तू रोज काहीतरी सांगतेस. आज मळ्यात गेलाय, उद्या तेरला गेलाय. शेवटी लिहिलंस, "माझ्याच्यानं आता व्हत न्हाय. म्या खोटं बोलले, ते खरं करायचं तुझ्या हातात हाय."

निघालो, अक्का. सोबत आबासाठी एक चिठ्ठी जोडलीय. आता त्यांना कळू दे मी लिहितो ते. तू वाचून दाखव. मी यायच्या आधी वाचून दाखव.

बलभीम


झाबुआ
तोच दिवस

आबा,

तुमच्या पायावर डोकं ठेवतो. कागदावर ठेवतो, चार-पाच दिवसांत खरंच ठेवीन.

अक्का तुमच्याशी खोटं बोलली. मी आलो नव्हतो. पण तिनं सांगितलं तेव्हा तुम्ही तोंड उघडलंत, म्हणजे मी दारात असतो तर तुम्ही राग धरला नसता, एवढं मला कळलं. तेवढं मला आधी कळायला पाहिजे होतं.

आता मी येतोय ते राहायला. बोअरची गाडी सोडतोय. शरणप्पा नाराज आहे, पण त्यानं मला गळामिठी घातली. पायाची भिंगरी लगेच थांबेल, असं मी छातीठोक सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे मी कसा आहे. थोडी फिरेल. पण फिरली तरी तुमच्या मळ्यात फिरेल.

मी आलो म्हणजे तुमचा नवस फिटला. येडाईला नारळ घेऊन आपण सगळे जाऊ. पोतं उसवलंच आहे, साखर गल्लीत वाटा, लिंबाजीला जास्त द्या, त्याला मी एकदा फसवलंय. पुरणाचा बेतही ज्यांना करायचाय त्यांना करू द्या.

आपल्या घरात मात्र एक अडचण आहे. तुम्ही सोडलंत तेव्हा इकडं मीही सोडलं. गोड अन् तूप, दोन्ही. देवीला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. मला ते पुन्हा धरायचंही नाही. म्हणजे माझ्या ताटात तूप येणार नाही. अन् तुम्हीच घालून दिलंय, चौघांच्या ताटात नसेल ते आपल्यात एकाच्या ताटात नसतं. तुमचा नियम आहे, आबा. दुष्काळात मोडला नाहीत, आता सुकाळात कसा मोडाल?

सांजचं जेवण मात्र धरायचं. एकभुक्त बंद. गोळी घेतली की भाकरी, डॉक्टर सांगेल तेवढी. मी समोर बसून बघीन. अन् पटक्याच्या शेवात गुळाचा एक खडा बांधून ठेवा, पूर्वीसारखा. हात थरथरले, घाम फुटला तर तो तुमचा एकट्याचा. त्या एका खड्याला चार तुकडे करायचे नाहीत.

मायला सांगा, मी येईन त्या दिवशी ज्वारीची भाकरी अन् पालेभाजी. अक्काला त्या दिवशी तिच्या घरी जेवू देऊ नका. वाट बघायला फाट्यावर येऊ नका, ऊन असेल. दारातच बसा.

ताटं चार मांडायला सांगा.

तुमचा
बलभीम